पंचमीची उघडीप

ते साल दोन हजार पाच. कोल्हापुरात हे साल नुसतं उच्चारलं तरी माणसं पंचगंगेच्या पुराबद्दल बोलू लागतात. पाणी कुणाच्या दारापर्यंत आलं, कुणाला नावेतून काढलं, दूध कसं मिळेना. मी आता कोल्हापुरातच मुलाकडे असते, त्यामुळे हे सगळं पुष्कळदा कानावर येतं आणि मी ऐकून घेते. आमच्या वाडीला पूर आला नव्हता. नेसरीच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. नदी तिथून लांब. आमच्याकडे त्या वर्षी जे आलं ते डोंगरावरून आलं आणि एका विहिरीत जाऊन बसलं.

विहीर माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्यांचं नाव मल्लव्वा, पण सगळी वाडी त्यांना आक्का म्हणायची. माहेर हुक्केरीकडचं, त्यामुळे रागावल्या किंवा लाडात आल्या की त्या कानडीत शिरायच्या. मला तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. वाटणीच्या वेळी आक्कांनी घरात हिस्सा मागितला नाही, दुकानात मागितला नाही. डोंगराच्या पायथ्याचा भाताचा तुकडा आणि त्यातली विहीर तेवढी घेतली.

पायऱ्यांची विहीर होती ती, काळ्या दगडात बांधलेली. तळाशी खडकाच्या फटीतून एक उमाळा होता. उन्हाळ्यात सगळं शांत असताना शेवटच्या पायरीवर बसलं की तो ऐकू यायचा. एप्रिल-मे महिन्यात वाडीतले आड आटले की झाडून सगळ्या बाया घागरी घेऊन तिथेच. आक्कांनी कधी कुणाला नको म्हटलं नाही, फक्त चप्पल घालून पायरी उतरलेली त्यांना चालत नसे. काठावर कडुलिंबाखाली नागाचा दगडी कट्टा होता. त्याची पूजा आक्का करायच्या आणि नागपंचमीला सगळी वाडी, लिंगायत म्हणू नका, मराठा म्हणू नका, तिथे जमायची.

आमचे मालक विरूपाक्ष. त्यांना लोक आण्णा म्हणत. एसटीच्या थांब्यासमोर आमचं किराणा दुकान होतं. मुलगा संगमेश गारगोटीहून डिप्लोमा करून आला आणि डोंगरावरच्या खाणीत सुपरवायझर म्हणून लागला. घरचं जेवण, पायी जाण्याइतकं अंतर. मला आणखी काय हवं होतं?

खाण हंबीररावांची. उंच माणूस, आणि आवाज असा की क्रशर चालू असतानाही खाली वाडीत ऐकू यायचा. जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते, खडीला मागणी होती. त्यांनी डोंगराचा उतार घेतला, वरची माती आणि झुडपं काढून बाजूला ढकलली, आणि खालचा काळा खडक सुरुंग लावून फोडायला सुरुवात केली. ढकललेली माती आणि क्रशरची भुकटी तशीच उतारावर पडून राहिली. पावसाळ्यात ती ओघळांनी खाली आली आणि आक्कांच्या विहिरीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं.

आक्कांनी आरडाओरडा केला नाही. कळशी भरून घेतली, डोक्यावर ठेवली आणि डोंगर चढल्या. मी मागोमाग गेले, कारण मला भीती वाटली की त्या काहीतरी करून बसतील. वर ट्रकवाले रांगेत उभे होते. हंबीरराव खुर्चीवर बसले होते. आक्कांना बघून ते उठले.

"या या, आक्का! आज खाणीवर पाय लागलं म्हणायचं!"

"पेला हाय का रे?" आक्का म्हणाल्या.

पेला आला. आक्कांनी कळशी तिरपी करून तो भरला आणि हंबीररावांच्या पुढे धरला.

हंबीररावांनी पेल्यात बघितलं. "आयला, दुधाची विहीर झाली की तुमची! डेरीला घालाय लागा!"

ट्रकवाले हसले. आक्का हसल्या नाहीत. "पी," म्हणाल्या.

"आक्का..."

"पी की. माझ्या घरला ह्येच पितोय आमी."

हंबीरराव प्यायले. सगळा पेला. मिशा पुसल्या, दातांखाली कचकच झाली असणार, कारण त्यांनी तोंड वाकडं करून बाजूला थुंकलं. मग संगमेशकडे वळून म्हणाले, "सायेब, डिप्लोमा केलासा न्हवं? मग करा की कायतरी. का नुसतंच ट्रक मोजत बसताय?"

संगमेशने केलं. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, काम नीट होतं. खाणीच्या वरच्या अंगाला त्याने आडवा चर मारला. डोंगरावरचं स्वच्छ पाणी खाणीत न शिरता बाजूने निघून जावं म्हणून. खाणीतलं गढूळ पाणी एका पाटाने खाली आणलं आणि त्या वाटेत एकाखाली एक अशी तीन कुंडं खणली. मध्ये दगडांचे बांध, त्यांच्या पोटात खडी भरलेली. पहिल्या कुंडात जाड गाळ बसायचा, दुसऱ्यात बारीक, आणि तिसऱ्यातून पाणी सावकाश विहिरीजवळून जाणाऱ्या ओढ्याला लागायचं. प्रत्येक कुंडात त्याने एक बांबू उभा केला होता आणि त्यावर निम्म्याच्या खाली लाल रंगाचा पट्टा मारला होता. गाळ पट्ट्याला टेकला की उपसायचा, एवढाच नियम. त्या वर्षी विहीर निवळ राहिली. आक्कांनी हंबीररावांकडे पुरणपोळ्या पाठवल्या.

पण गाळ उपसणं हे काम एकदा करून संपत नाही. आज उपसला की एका जोरदार सरीत पुन्हा तेवढाच. धोंडुबाई नावाच्या बाई खाणीवरच्या बायकांच्या मुकादम होत्या. त्यांच्या बाया घमेली घेऊन कुंडात उतरायच्या आणि मांडीपर्यंत राखाडी होऊन वर यायच्या. पहिल्या वर्षी सगळ्यांना हौस होती. दुसऱ्या वर्षी हंबीरराव म्हणू लागले, पुढच्या आठवड्यात. तिसऱ्या वर्षी संगमेशला रोज आठवण करून द्यावी लागायची. घरी आला की तो ताटावर बसून डोळे मिटायचा. मी विचारलं, काय झालं, की म्हणायचा, "काही नाही गं आई. कुंडं." कधीकधी मला वाटायचं, गाळ डोंगरावरून येत नाही, ह्या पोराच्या अंगातूनच झिरपतोय.

दोन हजार पाचला मृगापासून पाऊस लागला तो थांबेचना. आषाढात तर सूर्य दिसला नाही. दुकानातलं मीठ पाझरलं, गूळ सुटला. रस्त्याच्या कामासाठी मे महिन्याच्या अखेरपर्यंत क्रशर चालवला होता, त्यामुळे वर भुकटीचा डोंगरावर डोंगर झाला होता. ती सगळी वाहायला लागली. पहिलं कुंड भरलं, दुसरं भरलं. हंबीररावांनी पोकलेन पाठवलं, तर ते उतारावर घसरून कलतं झालं. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला. ते यंत्र तसंच वाकडं उभं राहिलं, आणि चालत्या पावसात कुंडात उतरायला बायांना कोण सांगणार? दगडी बांध धरून होते म्हणून विहीर अजून वाचली होती. तिसऱ्या कुंडातला लाल पट्टा दिसेनासा झाला.

आणि श्रावण लागल्यावर, चतुर्थीच्या सकाळी, उघडीप मिळाली. चक्क ऊन पडलं. वाडीतल्या बायांनी दारात गोधड्या टाकल्या. संगमेश धावतच दुकानात आला.

"आई, आज आणि उद्या. एवढ्यात उपसलं तर उपसलं. पश्चिमेला परत भरून येतंय म्हणतात."

त्याच्या मागून हंबीररावांची जीप आली. आणि नेमक्या त्याच वेळी धोंडुबाई दुकानात लाह्या आणि गूळ घ्यायला उभ्या होत्या. नवी बांगडी भरलेली, केस धुतलेले.

"धोंडुबाई, बाया गोळा करा," हंबीरराव जीपमधूनच ओरडले. "कुंडं उपसायची!"

धोंडुबाईंनी लाह्यांची पिशवी काखेत धरली. "आज भावाचा उपास हाय मालक. सगळ्या बाया उपाशी हाईत. उपाशीपोटी गाळात घालताय व्हय?"

"मग उद्या?"

"उद्या पंचमी!"

त्यांनी ते अशा आवाजात म्हटलं की हंबीरराव जीपमधून खाली उतरले. आमच्याकडे पंचमीला भुईला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, खोरं नाही, खुरपंसुद्धा नाही. भुईत नाग असतो, त्याला इजा होईल. घरात विळीला भाजी चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. बाया झोके घेतात, फुगड्या घालतात. खाणीवर राबणाऱ्या बायांना वर्षात तेवढाच एक दिवस होता की ज्या दिवशी कुणी काम सांगत नसे.

"परवा येतो की," धोंडुबाई म्हणाल्या.

"आणि परवा पाऊस आला तर?"

"तर पावसाला सांगा, पंचमी करून ये म्हणावं. तुमचा आवाज पोचतोय की वरपातूर."

आण्णा गल्ल्यावर बसून हसायला लागले. हंबीररावांनाही हसू आलं, पण ते फार थकलेले दिसत होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाले, "धोंडुबाई, चेष्टा बास. ती विहीर गेली तर आक्का मला काय म्हणतील?"

धोंडुबाईही मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "विहीर आक्कांची. नागाची पूजा बी आक्काच करत्यात. त्या म्हणाल्या खणा, तर उद्या पयलं खोरं मी मारीन. मग बाया कुणी मागं ऱ्हाणार न्हाईत. पर त्यांनी तोंडानं म्हणाय पायजे."

म्हणून आम्ही सगळे आक्कांकडे गेलो. आक्काही उपाशी होत्या. अंगणात बसून नागाच्या पूजेसाठी कापसाची वस्त्रं करत होत्या. हंबीरराव त्यांच्यासमोर पायरीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे.

"आक्का, उद्या कुंडं उपसायची परवानगी द्या."

"उद्या पंचमी न्हवं?"

"व्हय. पर ती काय भुई हाय का आक्का? खडकाचा चुरा हाय त्यो. माझ्या क्रशरनं मे महिन्यात केल्याला. त्यात कुठला नाग ऱ्हायला जातोय? त्याला बी दातात कचकच लागंल की."

आक्कांनी वस्त्र खाली ठेवलं. "मे महिन्याच्या आधी त्यो काय हुता?"

"डोंगर."

"मग? तू फोडलास म्हणून त्यो भुई न्हाई झाला व्हय?"

हंबीररावांनी संगमेशकडे बघितलं. संगमेश आक्कांजवळ जाऊन बसला. त्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"काकी, मी सरळ सांगतो. तिन्ही कुंडं भरलीत. आता एक जोराची सर आली तर पाणी थांबायला जागाच नाही. ते थेट विहिरीत येणार. आणि ही भुकटी साध्या मातीसारखी नसते. उमाळ्याच्या फटीत जाऊन बसली की घट्ट होते. मग परत निघत नाही."

"म्हंजे विहीर जाईल म्हण की."

"जाऊ शकते."

आक्कांनी खाली ठेवलेलं वस्त्र पुन्हा हातात घेतलं. त्यांना चन्नाप्पा नावाचा एकच भाऊ होता. दर पंचमीला तो एसटीने यायचा, खणसाडी आणायचा. आक्कांना मूल नव्हतं, नवरा नव्हता. तो एक भाऊ म्हणजे सगळं माहेर. त्याच्यासाठी चतुर्थीचा उपास त्यांनी लग्न झाल्यापासून कधी चुकवला नव्हता, आणि पंचमी कधी मोडली नव्हती.

"उद्या माझा भाऊ याचाय," त्या शेवटी म्हणाल्या. "मी इकडं भुईला खोरं लावून त्याला ववाळू व्हय? त्याला कायबी झालं तर मी कुणाला इचारू? विहीर दगडाची हाय बाबा. बेडा, संगू. बेडा." नको, असं.

संगमेश उठला तो तसाच घरी निघून आला. जेवला नाही.

पंचमीला सकाळी ऊन होतं, पण ते पिवळं होतं आणि हवा हलत नव्हती. कडुलिंबाला झोका बांधला होता. आक्कांनी नागाला दूध-लाह्या वाहिल्या, मग बाया फेर धरायला लागल्या. चन्नाप्पा पहिल्याच एसटीने आले होते. पांढरं धोतर, हातात छत्री, दाढीचे खुंट पिकलेले. ते एका दगडावर बसून सगळ्यांकडे बघून हसत होते, कारण त्यांना मराठी थोडंच समजायचं. पश्चिमेकडे, आंबोलीच्या बाजूला, ढग जमायला लागले होते. ते सगळ्यांना दिसत होते. फुगडी घालतानाही बाया मान वळवून तिकडे बघायच्या.

धोंडुबाई झोक्यावरून उतरल्या आणि आक्कांसमोर उभ्या राहिल्या.

"आक्का, एक इचारू? पंचमीला पाणी काढाय चालतं न्हवं?"

"चालतं की. बिनपाण्याचं ऱ्हायाचं व्हय?"

"मग कुंडात पाणीच हाय. जरा दाट हाय एवढंच. खोरं नको, कुदळ नको, घमेलं बी नको. घागरीनं काढू. विहिरीतनं काढतो तसं."

आक्कांनी धोंडुबाईंकडे बघितलं, मग आभाळाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. "लोखंडाची बादली न्हाई," त्या म्हणाल्या. "तांब्या-पितळंचं घ्या."

"आणि पलास्टिक?"

"पलास्टिकचं नागाला काय ठावं? घ्या!"

मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि लगेच ते मावळतं. नव्या साड्या नेसलेल्या, मेंदी काढलेल्या बाया घागरी, कळशा, रंगीत प्लास्टिकच्या बादल्या घेऊन कुंडाकडे धावल्या. विहिरीजवळचं तिसरं कुंड, तिथून ओळ लावली. हातोहात भरलेली घागर यायची आणि आम्ही ती पलीकडच्या पडीक जागेत ओतायचो. मीसुद्धा ओळीत होते. कुणीतरी गाणं धरलं. तेवढ्यात हंबीरराव आले, त्यांनी एक नजर टाकली, चपला काढल्या आणि ओळीत शिरले. धोंडुबाई म्हणाल्या, "मालक, पंचमी बायकांची असती. फुगडी बी घालणार काय?" ते म्हणाले, "आधी घागर द्या, मग घालतो." चन्नाप्पांनीही धोतर वर खोचलं. आक्का ओळीच्या टोकाला उभ्या राहून घागरी उपड्या करत होत्या. त्या खुशीत होत्या. मी त्यांना तसं खुशीत पुन्हा पाहिलं नाही.

फक्त संगमेश काठावर उभा होता. त्याच्या हातात एक लांब वेत होता. तो मधूनमधून तो कुंडात घालायचा, काढायचा आणि बघायचा. मग माझ्याजवळ आला. हळू म्हणाला, "आई, हे वरचं पाणी काढताहेत. खालचा गाळ जिथल्या तिथं आहे. तो खोऱ्याशिवाय हलायचा नाही. जागा होतच नाही."

"मग सांग त्यांना."

"कसं सांगू? बघ ना सगळ्यांकडे."

"सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

तो आक्कांकडे गेला. त्याने मोठ्याने सांगितलं नाही, पण ओळ आपोआप थांबली, गाणंही थांबलं. त्याने वेत दाखवला. वरचा वीतभर भाग ओला पातळ, आणि खाली घट्ट राखाडी लेप. "काकी, अजून वेळ आहे. पाच-सहा जणी खोरी घेऊन उतरल्या तरी दुपारपर्यंत थोडी जागा होईल. तुम्ही नुसतं हो म्हणा."

सगळ्या बाया आक्कांकडे बघत होत्या. धोंडुबाईंची खोरी खाणीवरच्या शेडमध्ये होती. धावत जाऊन आणायला काही वेळ लागला नसता. आक्कांनी वेतावरच्या लेपाला बोट लावलं. मग पलीकडे, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे बघितलं. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. तो हातात घागर धरून पुढच्याची वाट बघत होता.

"असू दे," आक्का म्हणाल्या. "जेवढं निघतंय तेवढं काढा."

ओळ पुन्हा सुरू झाली. गाणं पुन्हा कुणी धरलं नाही.

दुपारी पाऊस आला. आधी वारा, मग थेंब, मग डोंगर दिसेनासा झाला. बाया वाडीकडे पळाल्या. आम्ही काही जण पोत्याच्या खोळी पांघरून कडुलिंबाखाली थांबलो. हंबीररावांनी खाणीवरून भरून ठेवलेली खडीची पोती ट्रकने आणवली आणि विहिरीच्या पायऱ्यांच्या तोंडाशी स्वतः रचायला लागले. संगमेश त्यांच्याबरोबर. दोघेही नुसती पोती उचलत होते. वरून पाटाने पाणी आलं ते कॉफीच्या रंगाचं, पहिल्या कुंडावरून सरळ दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. कुठे थांबलं नाही. काही वेळ पोत्यांनी ते अडवलं. मग पोत्यांच्या फटींतून बारीक धारा लागल्या, मग पोती सरकली, आणि पाणी एकेक पायरी उतरत विहिरीत गेलं. आवाज फार झाला नाही.

आक्का कट्ट्यापाशी उभ्या होत्या. चन्नाप्पांनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. हंबीरराव भिजलेले, हाताची बोटं सोललेली, त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"आक्का, चूक माझी. पयलं कुंड भरलं तवाच उपसायला पायजे हुतं."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "पायजे हुतं." मग थोड्या वेळाने, "घरला जा रे. अंगावर कोरडं घाल."

उन्हाळ्यात विहीर उपसली. हंबीररावांनी पंप लावला, माणसं लावली. तळापर्यंत गेलो. उमाळ्याची फट होती त्या जागी राखाडी थर होता, सिमेंटसारखा. संगमेशने पहारीने तो टोकरला. वाट बघितली. मी शेवटच्या पायरीवर जाऊन बसले आणि कान लावला. पंपाचा आवाज बंद केल्यावर तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. पावसाळ्यात विहीर वरच्या पाण्याने भरायची आणि होळीच्या आधी आटायची, तेवढंच पुढे राहिलं.

त्या उन्हाळ्यात एकदा आक्का नेसरीहून बाजार करून माझ्याबरोबर चालत येत होत्या. मी विचारलं, "आक्का, त्या दिवशी हो म्हणावं असं मनात आलं नाही?"

"आलतं की," त्या म्हणाल्या. "घागर हातात हुती तवर आलतं." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तंगी, ह्ये आता कितींदा काढायचं? चल. ऊन लागतंय."

मी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

संगमेशने त्यानंतरच्या दिवाळीला खाणीतली नोकरी सोडली. कोल्हापूरला एका ठेकेदाराकडे लागला. आता रस्त्यांच्या कडेच्या गटारांची आणि मोऱ्यांची कामं करतो. त्याचा जम बसला आहे. आक्कांबद्दल तो कधी वाईट बोलला नाही, पण पंचमीला वाडीला आला नाही, त्या असेपर्यंत.

हंबीररावांनी आपल्या बोअरची पाइप वाडीपर्यंत आणली आणि नळ बसवून दिला. त्यानंतर दर वर्षी आषाढात क्रशर बंद ठेवून कुंडं उपसून घेत. कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. काही वर्षांनी खाणीची मुदत संपली, ती त्यांनी वाढवून घेतली नाही. मधुमेहाने पाय गेला. त्यांचा मुलगा सम्राट गडहिंग्लजला टायरचं दुकान चालवतो. हंबीरराव गेले तेव्हा आण्णा आणि मी मातीला गेलो होतो; फार माणूस जमलं होतं.

आण्णाही आता नाहीत. दुकान विकलं. तिथे मोबाइलचं दुकान झालंय म्हणे.

चन्नाप्पा ऐंशीच्या पुढे गेले. हुक्केरीकडेच असतात, कानाने कमी ऐकतात. बहीण गेल्यावरही पंचमीला एकदा वाडीला येऊन गेले, नागाला दूध घातलं, आणि त्याच एसटीने परत गेले, असं मला कुणीतरी सांगितलं.

आक्का दोन हजार बाराच्या मार्चमध्ये गेल्या. आजारपण नव्हतं, झोपेतच. भाताचा तुकडा त्यांनी संगमेशच्या नावावर केला होता. तो त्याने विकला नाही, कसतही नाही.

कुंडांत आता लव्हाळं माजलंय. गुरं पाणी प्यायला उतरतात.

धोंडुबाई ग्रामपंचायतीला निवडून आल्या होत्या एकदा. नंतर गुडघे गेले, म्हणून कोडोलीला लेकीकडे, स्वप्नालीकडे राहायला गेल्या. कधीकधी फोन येतो. आवाज अजून तसाच, रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागतो. परवा म्हणत होत्या, लेक उसात जाते आणि त्या दिवसभर नातवाचा पाळणा हलवत बसतात. ह्यापेक्षा घमेलं बरं होतं. मग म्हणाल्या, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, कोल्हापूरला यायचंय, तुमच्याकडे उतरू का? मी म्हटलं, या की.